इलेक्ट्रिकल वॉक्स

जर्मन ध्वनिकलावंत क्रिस्टिना कुबिश (जन्म १९४८, ब्रेमेन) यांनी २००३-०४ च्या सुमारास सुरू केलेली, शहरभर पसरलेली ध्वनिरचना. हिला दालन लागत नाही, आधी मुद्रित केलेला एकही आवाज लागत नाही. सहभागी व्यक्तीला खास हेडफोन आणि ऐकण्याजोग्या जागांच्या खुणा केलेला नकाशा मिळतो. मग दिवे, एटीएम, ट्राम, दुकानांची दारे यांच्याभोवतीची विद्युतचुंबकीय क्षेत्रे ऐकत तिने एकटीने हिंडायचे. पाऊल मागे घेतले किंवा मान वळवली तरी आवाज बदलतो. म्हणून प्रत्येकाची रचना वेगळी.

मिलानमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकत असताना कुबिश यांनी टेलिफोनचा आवाज वाढवणारा एक छोटा ॲम्प्लिफायर घेतला होता. प्रयोगशाळेत तो आपसूक आवाज करू लागला, कारण त्यातली कॉइल, म्हणजे तारेची गुंडाळी, आसपासच्या यंत्रांची क्षेत्रे टिपत होती. पुढे त्यांनी तारा ताणून त्यांतून ध्वनींचे विद्युतसंकेत सोडले आणि कॉइलचे हेडफोन घातलेल्या श्रोत्यांना त्या तारांमधून फिरवले. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस या ध्वनींत शहरातल्या विजेची घरघर मिसळू लागली. आधी ती गाळून टाकण्याचे प्रयत्न झाले. नंतर तीच कलाकृती झाली.

हेडफोनमधल्या कॉइलभोवतीचे चुंबकक्षेत्र बदलले की तिच्यात व्होल्टेज निर्माण होते आणि ते वाढवून कानाला दिले जाते. हे व्होल्टेज वारंवारतेच्या प्रमाणात वाढते, त्यामुळे नेहमीच्या विजेच्या ५० हर्ट्झच्या (सेकंदाला ५० कंपनांच्या) मूळ सुरापेक्षा १५०, २५० असे त्याचे वरचे पट अधिक उठून येतात. स्थिर डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणारा प्रवाह ऐकूच येत नाही. म्हणून ट्राममध्ये ऐकू येतो तो मोटर-नियंत्रकाचा चढत-उतरत जाणारा सूर.

सर्वांत जोरकस आवाज दुकानांच्या चोरीरोधक दारांचा. त्यांपैकी एका प्रकारात ५८ किलोहर्ट्झचे झटके सेकंदाला ५० ते ९० वेळा सुटतात. ५८ किलोहर्ट्झ कानाच्या पलीकडचे, पण ॲम्प्लिफायर त्या माऱ्याने भरून जातो आणि झटक्यांची लय कर्कश तडतड होऊन उमटते. अशा दाराजवळ जाण्याआधी आवाज कमी करावाच.

घरी करून पाहायचे तर टेलिफोनची पिकअप कॉइल रेकॉर्डरच्या माइक-इनपुटला जोडली की पुरते. दोन कानांसाठी दोन कॉइल घ्याव्यात. नेहमीच्या चुका ठरलेल्या आहेत. कॉइल हेडफोनला चिकटवली तर हेडफोनचेच क्षेत्र परत टिपले जाऊन शिट्टी वाजते. ती रेकॉर्डरजवळ ठेवली तर त्याच्याच पडद्याची आणि मेमरी कार्डाची खरखर येते. मीटरभर केबल ठेवावी. मोबाइल विमान-मोडवर टाकावा. काहीच ऐकू आले नाही तर कॉइल ९० अंशांत फिरवावी, कारण जिचा अक्ष क्षेत्राला काटकोनात आहे अशी कॉइल जवळपास गप्प राहते. चार्जरसारख्या छोट्या ट्रान्सफॉर्मरपासून अंतर दुप्पट केले की क्षेत्र साधारण आठव्या हिश्शावर येते, तेव्हा हात सावकाश हलवावा.

मुंबईच्या उपनगरी रेल्वेची ओव्हरहेड वायर २५,००० व्होल्ट, ५० हर्ट्झ एसीवर (दिशा बदलत राहणाऱ्या प्रवाहावर) चालते. प्रवाह वायरमधून येतो आणि मुख्यतः रुळांतून परततो, म्हणजे वेटोळे कित्येक मीटर उंच होते. म्हणून तिथली गुंज फलाटभर पसरलेली असते आणि गाडी वेग घेताना वाढते.