संशयावरून कोठडी: ऑस्ट्रेलियातील चुकीची स्थानबद्धता आणि निवडणुकांचे राजकारण

ऑस्ट्रेलियात स्थलांतर खात्याने चुकीने डांबून ठेवलेल्या माणसांचा विषय निघाला, की चर्चा बहुधा २००५ साली गाजलेल्या दोन प्रकरणांपासून सुरू होते. ती प्रकरणे महत्त्वाची आहेतच; पण ती ज्या कायद्यामुळे घडू शकली, तो कायदा त्याच्या बऱ्याच आधीचा आहे आणि त्याच्या जोरावर पुढे निवडणूक लढवणाऱ्या पक्षाने तो आणलेला नव्हता. एवढे गंभीर अन्याय अधिकृत चौकशीत सिद्ध होऊनही एकाही मंत्र्याला खुर्ची का सोडावी लागली नाही, याचे उत्तर शोधायचे तर तिथूनच सुरुवात करावी लागते.

१९८९ पासून कंबोडियातले काही आश्रयार्थी होड्यांतून ऑस्ट्रेलियाच्या उत्तर किनाऱ्यावर येऊ लागले. त्यांतल्या अनेकांचे अर्ज दोन-दोन वर्षे निकालाविना पडून राहिले आणि तोवर ते कोठडीतच होते. अखेर त्यांनी सुटकेसाठी फेडरल कोर्टात धाव घेतली. मे १९९२ मध्ये, त्या सुनावणीला अवघे दोन दिवस उरले असताना, पॉल कीटिंग यांच्या मजूर पक्षाच्या सरकारने संसदेत घाईघाईने एक दुरुस्ती मंजूर करून घेतली. विरोधी लिबरल-नॅशनल आघाडीनेही तिला साथ दिली. होडीने आलेल्या ठरावीक लोकांना स्थानबद्ध करणे या दुरुस्तीने सक्तीचे झाले, आणि न्यायालयाने अशा व्यक्तीच्या सुटकेचा आदेश देऊ नये, असे एक कलमही तीत घालण्यात आले. देशाचे सर्वोच्च न्यायपीठ असलेल्या हायकोर्टाने त्याच वर्षी डिसेंबरमध्ये हे शेवटचे कलम घटनाबाह्य ठरवले. स्थानबद्धतेचे मूळ तत्त्व मात्र न्यायालयाने मान्य केले: देशाबाहेर पाठवण्यासाठी किंवा व्हिसाच्या अर्जाची छाननी होईपर्यंत एखाद्याला ठेवणे ही शिक्षा नव्हे, त्यामुळे ते सरकारला स्वतःच्या अधिकारात करता येते, असा तो निकाल होता.

याच प्रकरणातून आणखी एक गोष्ट पुढे आली, आणि या साऱ्या इतिहासातली मला ती सर्वांत बोलकी वाटते. दुरुस्ती होण्यापूर्वीच्या काळात या लोकांना कायद्याच्या आधाराविना ठेवले गेले होते, आणि त्याबद्दल सरकारवर भरपाईचे दावे होण्याची शक्यता निर्माण झाली. त्यावर संसदेने पुन्हा कायदा दुरुस्त केला आणि अशा बेकायदा कोठडीची भरपाई दिवसाला एक डॉलर इतकी मर्यादित केली. चूक झाली आहे हे उमगल्यावर तिची किंमतच कायद्याने उतरवून ठेवण्याची ही रीत तेव्हा पडली, आणि दोन्ही मोठ्या पक्षांच्या डोळ्यांदेखत पडली.

सप्टेंबर १९९४ पासून सक्तीची स्थानबद्धता केवळ होडीने आलेल्यांपुरती उरली नाही. वैध व्हिसा नसलेल्या प्रत्येक परदेशी व्यक्तीला ती लागू झाली आणि आधी असलेली २७३ दिवसांची कालमर्यादाही गेली. यातली कळीची तरतूद नीट पाहण्यासारखी आहे. समोरची व्यक्ती विनाव्हिसा आहे असे अधिकाऱ्याला ठाऊक असेल, किंवा तसा त्याला वाजवी संशय असेल, तर तिला ताब्यात घेणे हे त्याचे कर्तव्य ठरते. घ्यावे की न घ्यावे, हे ठरवण्याची मुभा त्याला राहत नाही. फौजदारी गुन्ह्यात पकडलेल्या माणसाला ठरावीक वेळेत न्यायाधीशापुढे उभे करावे लागते. इथे तसा न्यायाधीश वाटेत कुठेही येत नाही. कोठडीची मुदत ठरलेली नसते, आणि आपण इथले रहिवासी किंवा नागरिक आहोत हे पटवून देण्याचा भार प्रत्यक्षात ताब्यात असलेल्या माणसावरच येऊन पडतो. ज्याला स्वतःचे नावही धड सांगता येत नाही अशा आजारी माणसाचे या व्यवस्थेत काय होईल, याचा विचार कायदा करताना कुणी केलेला दिसत नाही.

या कायद्याला निवडणुकीचे हत्यार केले ते २००१ सालाने. ऑगस्ट महिन्यात ‘टाम्पा’ या नॉर्वेच्या मालवाहू जहाजाने समुद्रात अडकलेल्या ४३३ आश्रयार्थींना वाचवले, आणि पंतप्रधान जॉन हॉवर्ड यांच्या सरकारने त्या जहाजाला ऑस्ट्रेलियाच्या भूमीवर माणसे उतरवू देण्यास नकार दिला. नंतर नाऊरू आणि पापुआ न्यू गिनीतील मॅनस बेटावर केंद्रे उघडण्यात आली. ऑक्टोबरमध्ये, ऐन प्रचारात, आश्रयार्थींनी आपली मुले समुद्रात फेकल्याचा दावा मंत्र्यांनी केला. तो खोटा असल्याचे सेनेटच्या चौकशीत पुढच्या वर्षी स्पष्ट झाले, पण तोपर्यंत १० नोव्हेंबरची निवडणूक हॉवर्ड यांनी जिंकलेली होती. या देशात कोण येणार आणि कोणत्या परिस्थितीत येणार हे आम्हीच ठरवू, हे त्यांचे प्रचारातले वाक्य आजही उद्धृत होते. मजूर पक्ष या धक्क्यातून बराच काळ सावरला नाही. सीमेच्या प्रश्नावर आपण नरम दिसलो की मते जातात, हा धडा त्याने घेतला आणि त्यानंतरच्या प्रत्येक वादात तो धडा त्याच्या पाठीशी उभा राहिला.

मार्च २००४ च्या अखेरीस क्वीन्सलँड राज्याच्या उत्तर टोकाला, कोएन या छोट्या वस्तीजवळ, एक बाई एकटीच भटकताना आढळली. ती जर्मन बोलत होती, आपण जर्मनीहून फिरायला आलो आहोत असे सांगत होती आणि तिने दिलेले नाव खोटे होते. ती होती कॉर्नेलिया राऊ: ऑस्ट्रेलियाची कायम रहिवासी, एके काळची हवाई सुंदरी आणि गंभीर मानसिक आजाराची रुग्ण. तिच्यावर कोणताही आरोप नसताना तिला ब्रिस्बेनच्या महिला तुरुंगात सहा महिने ठेवले गेले आणि ऑक्टोबरमध्ये दक्षिण ऑस्ट्रेलियातील बॅक्स्टर स्थानबद्धता केंद्रात हलवण्यात आले. हे केंद्र खाजगी कंपनी चालवत होती. तिच्या वागण्यातली आजाराची लक्षणे तिथे बेशिस्त समजली गेली आणि त्यापायी तिला वेगळ्या, कडक पहाऱ्याच्या विभागात टाकण्यात आले. ही बाई आजारी आहे हे ओळखले ते बरोबरच्या आश्रयार्थींनी, आणि त्यांनीच ते बाहेरच्या कार्यकर्त्यांच्या कानावर घातले. तिकडे तिच्या कुटुंबीयांनी ऑगस्टमध्येच न्यू साउथ वेल्सच्या पोलिसांकडे ती हरवल्याची नोंद केली होती, पण एका राज्याच्या पोलिसांकडची नोंद आणि दुसऱ्या राज्यातल्या कोठडीतली अनोळखी बाई यांची सांगड कुणी घातली नाही. जानेवारी २००५ च्या शेवटी वृत्तपत्रात या अनोळखी बाईविषयी बातमी आली, ती वाचून कुटुंबीयांना शंका आली आणि काही दिवसांतच तिची सुटका झाली. एकूण दहा महिने गेले होते.

फेब्रुवारीत सरकारने माजी केंद्रीय पोलीस आयुक्त मिक पामर यांची चौकशी नेमली. विरोधकांची मागणी होती ती साक्षीदारांना सक्तीने बोलावू शकणाऱ्या रॉयल कमिशनची; पामर यांना तो अधिकार नव्हता आणि त्यांचे काम बंद दाराआड चालले. ते सुरू असतानाच दुसरे प्रकरण बाहेर आले, जे माझ्या मते पहिल्यापेक्षाही भयंकर होते. फिलिपिन्समध्ये जन्मलेल्या व्हिव्हियन अल्वारेझ सोलोन या ऑस्ट्रेलियन नागरिक होत्या. २००१ च्या सुरुवातीला लिस्मोर इथे त्या जखमी अवस्थेत सापडल्या, खात्याने त्यांना बेकायदा स्थलांतरित ठरवले आणि जुलैमध्ये मायदेशी म्हणून मनिलाला पाठवून दिले. त्या वेळी क्वीन्सलँडच्या पोलिसांच्या दफ्तरी त्या बेपत्ता होत्या. २००३ मध्ये टीव्हीवर बेपत्ता व्यक्तींची छायाचित्रे दाखवली गेली तेव्हा खात्यातल्याच एका कर्मचाऱ्याने त्यांना ओळखले आणि वरिष्ठांना कळवलेही. त्यावर काहीच झाले नाही. म्हणजे आपण आपल्याच नागरिकाला देशाबाहेर घालवले आहे हे खात्यातल्या काही जणांना जवळजवळ दोन वर्षे माहीत होते. मे २००५ मध्ये बातम्या पाहून एका ऑस्ट्रेलियन धर्मगुरूने त्या ओलोंगापो शहरात जोगिणींनी चालवलेल्या आश्रमात असल्याचे सांगितले, तेव्हा कुठे त्यांचा पत्ता लागला.

जुलै २००५ मध्ये पामर यांचा अहवाल प्रसिद्ध झाला. आपण करतो ते बरोबरच, असे धरून टीका झटकून टाकण्याची खात्याची वृत्ती त्यांनी स्पष्ट शब्दांत मांडली: अधिकाऱ्यांना असाधारण अधिकार दिले होते, पण ते वापरण्याचे पुरेसे प्रशिक्षण दिले नव्हते आणि एकदा ताब्यात घेतल्यावर त्या निर्णयाकडे पुन्हा वळून पाहण्याची पद्धतच नव्हती. सोलोन प्रकरणाची चौकशी नील कॉमरी यांनी पूर्ण केली आणि लोकपालांमार्फत तिचा अहवाल ऑक्टोबरमध्ये आला. अशीच आणखी प्रकरणे लोकपालांकडे तपासाला गेली आणि त्यांची संख्या २४७ पर्यंत पोहोचली. एका आजारी नागरिकाला तर वेगवेगळ्या वेळी तीनदा डांबले गेले होते.

जबाबदारी कुणी घेतली? पंतप्रधान हॉवर्ड आणि स्थलांतर मंत्री अमांडा व्हॅनस्टोन यांनी माफी मागितली. खात्याचे सचिव बिल फार्मर पायउतार झाले, पण त्यांची नेमणूक इंडोनेशियातील राजदूत म्हणून झाली. व्हॅनस्टोन २००७ च्या सुरुवातीपर्यंत मंत्रिपदावर राहिल्या आणि नंतर इटलीत राजदूत झाल्या. सोलोन यांना २००६ मध्ये लवादामार्फत ४५ लाख डॉलर आणि राऊ यांना २००८ मध्ये २६ लाख डॉलर भरपाई मिळाली, आणि अर्थातच ती करदात्यांच्या पैशातून. कायद्यात थोडा बदल झाला तो सरकारपक्षाच्याच पेट्रो जॉर्जिओ यांच्यासारख्या मोजक्या खासदारांनी बंडाचा पवित्रा घेतल्यामुळे: मुलांना शेवटचा उपाय म्हणूनच कोठडीत ठेवावे, आणि दोन वर्षांहून अधिक काळ डांबलेल्यांची प्रकरणे लोकपालांनी तपासावीत. आपण काश्मीरचे आहोत असे सांगणारा, पण ज्याला भारताने आपला मानले नाही, असा एक माणूस याच सुमारास जवळजवळ सात वर्षांनी बाहेर आला. सक्तीचे कलम मात्र जागचे हलले नाही.

२००७ च्या निवडणुकीला चार महिने उरले असताना भारतीय डॉक्टर मोहम्मद हनीफ यांचे प्रकरण घडले. ग्लासगो विमानतळावरील हल्ल्यानंतर, नातेवाइकाला दिलेल्या एका सिमकार्डावरून त्यांना ब्रिस्बेनमध्ये अटक झाली आणि आरोप न ठेवता १२ दिवस ताब्यात ठेवले गेले. १६ जुलैला न्यायदंडाधिकाऱ्यांनी जामीन दिला, आणि काही तासांतच स्थलांतर मंत्री केव्हिन अँड्र्यूज यांनी चारित्र्याच्या कारणावरून त्यांचा व्हिसा रद्द केला, जेणेकरून जामीन भरला तरी ते स्थलांतर कोठडीतच जातील. केव्हिन रड यांच्या नेतृत्वाखालच्या विरोधी मजूर पक्षाने या निर्णयाला तत्त्वतः पाठिंबा दिला. २००१ चा धडा अजून ताजा होता. २७ जुलैला आरोप मागे घेतला गेला, ऑगस्टमध्ये फेडरल कोर्टाने व्हिसा रद्द करण्याचा निर्णय फिरवला आणि डिसेंबरमध्ये पूर्णपीठाने तेच कायम केले. नोव्हेंबरमध्ये हॉवर्ड हरले, स्वतःची जागाही गमावून बसले, पण त्यामागचे मोठे कारण कामगार कायदे हे होते. हनीफ निर्दोष होते असा निष्कर्ष जॉन क्लार्क यांच्या चौकशीने २००८ मध्ये काढला आणि २०१० मध्ये त्यांना भरपाई मिळाली.

न्यायालयात दाद मागण्याची वाटही दिसते तितकी मोकळी राहिली नाही. २००५ मध्ये हायकोर्टाने ब्रिटनमध्ये जन्मलेल्या एका कायम रहिवाशाच्या दाव्यात निकाल दिला. त्याचा व्हिसा दोनदा रद्द केला गेला होता आणि दोन्ही वेळा तो निर्णय चुकीचा ठरला होता, तरीही त्याला मिळालेली भरपाई काढून घेण्यात आली, कारण अटक करणाऱ्या अधिकाऱ्याचा संशय त्या वेळी वाजवी होता. २०१४ मध्ये आणखी एका माणसाची तीन वर्षांहून अधिक काळाची स्थानबद्धता बेकायदा ठरूनही, त्याला कायदेशीर मार्गाने ठेवता आले असतेच या युक्तिवादावर नाममात्र एक डॉलर भरपाई कायम राहिली.

देशाबाहेर पाठवणे अशक्य असले तरी अमर्याद स्थानबद्धता वैध आहे, असे हायकोर्टाने २००४ मध्ये चार विरुद्ध तीन मतांनी ठरवले होते. तो निकाल नोव्हेंबर २०२३ मध्ये त्याच न्यायालयाने उलटवला आणि मजूर पक्षाच्या अँथनी अल्बनीज सरकारला शंभराहून अधिक जणांना सोडावे लागले. त्यांतल्या काहींवर गंभीर गुन्हे सिद्ध झालेले असल्याने विरोधी आघाडीने रान उठवले, आणि आठवडाभरातच पायातले इलेक्ट्रॉनिक कडे व रात्रीची संचारबंदी लादणारा कायदा दोन्ही बाजूंच्या मतांनी संमत झाला. नोव्हेंबर २०२४ मध्ये न्यायालयाने ही बंधने लादण्याची पद्धत घटनाबाह्य ठरवली, तेव्हा मे २०२५ ची निवडणूक सहा महिन्यांवर आली होती. सरकारने लगेच नवे नियम काढून ती बंधने वेगळ्या निकषावर पुन्हा आणली. संशयावरून ताब्यात घेणे अधिकाऱ्याला बंधनकारक करणारे १९९४ चे कलम मात्र आजही लागू आहे, आणि ताब्यात घेतलेल्या माणसाला ठरावीक मुदतीत न्यायाधीशापुढे उभे करण्याची तरतूद त्या कायद्यात अजूनही नाही.