ताडोबा सफारी: बुकिंग कसे करायचे, कोणती ओळखपत्रे लागतात आणि घरच्या सहा जणांचा खर्च कसा मांडायचा

सुट्टीचा खर्च मांडताना आपण बहुतेक जण आधी रेल्वेचे तिकीट, मग हॉटेल आणि उरलेल्या पैशांत बाकीचे सगळे, अशा क्रमाने जातो. ताडोब्यासाठी हा क्रम उलटा करावा लागतो. आधी सफारीचा परवाना, मग गाडीचे तिकीट आणि सगळ्यात शेवटी खोली. जंगलात सकाळ-दुपार किती जिप्सी, म्हणजे सफारीच्या उघड्या जीपगाड्या, सोडायच्या याची संख्या प्रत्येक गेटला ठरलेली असते आणि ती तुमच्या सुट्टीसाठी वाढत नाही. खोली आहे, तिकीट आहे, पण परवाना नाही, अशी अवस्था झालेली कुटुंबे मग गेटवर मिळेल त्या भावाने एजंटाच्या मागे लागतात आणि बजेट कोलमडते ते तिथेच.

गाड्यांवर ही मर्यादा का, हे मुलांनाही जरूर सांगावे. राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या २०१२ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार गाभा क्षेत्राचा, म्हणजे जंगलाच्या आतल्या राखीव भागाचा, जास्तीत जास्त २० टक्के भागच पर्यटनासाठी वापरता येतो. बाकीचा भाग वाघिणीला पिल्ले वाढवायला मोकळा राहिला, तरच पुढच्या पिढीला काही दिसेल.

चंद्रपूर जिल्ह्यातले ताडोबा १९५५ साली राष्ट्रीय उद्यान झाले आणि अंधारी अभयारण्यासह १९९५ मध्ये व्याघ्र प्रकल्प. गाभा म्हणजे कोअर क्षेत्र सुमारे ६२५ चौरस किलोमीटर, भोवतीचे बफर सुमारे ११०० चौरस किलोमीटर. बुकिंग करताना पहिला प्रश्न याच दोनांतून निवडण्याचा येतो. कोअरची गेटे मोहर्ली, खुटवंडा, कोलारा, नवेगाव, पांगडी आणि झरी. बफरची आगरझरी, देवाडा, जुनोना, अलिझंझा, निमढेला अशी बरीच. बफर म्हणजे दुय्यम, असा समज मनातून काढून टाका. तिथेही वाघ, बिबट, अस्वल, रानकुत्री दिसतात, दर साधारणपणे कोअरपेक्षा कमी असतात आणि परवानाही त्या मानाने लवकर मिळतो. दोन सफारी करणार असाल तर एक कोअर आणि एक बफर, ही जोडी घरच्या खिशाला सगळ्यात सोयीची पडते.

कोण जाऊ शकते

वैध फोटो ओळखपत्र असलेला कोणीही. वेगळी पात्रता नाही. एका जिप्सीत सहा पर्यटक, शिवाय चालक आणि गाईड. कोअरमध्ये स्वतःची गाडी नेता येत नाही. नोंदणी झालेली जिप्सी आणि स्थानिक गाईड बंधनकारक आहेत. अगदी लहान मूल सहा जणांत धरले जाते की वेगळे, याचा नियम फॉर्म भरतानाच वाचून घ्या, नाहीतर सातव्या जागेचा वाद गेटवर पहाटे होतो. गरोदर बाई किंवा पाठीचे, मणक्याचे दुखणे असलेले आजी-आजोबा बरोबर असतील तर मनापासून सांगते, हा प्रवास त्यांच्यासाठी नाही. कच्च्या रस्त्यावर सलग तीन-चार तास धक्के बसतात आणि मध्येच उतरून परत फिरण्याची सोय नसते.

परदेशी नागरिकांना पासपोर्ट लागतो आणि त्यांचे दर जास्त असतात. आता अनेक घरांत अमेरिकेतली किंवा ऑस्ट्रेलियातली नातवंडे सुट्टीला येतात. त्यांच्याकडे ओसीआय कार्ड (परदेशी नागरिकत्व असलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना भारत सरकार देते ते) असेल तर केंद्र सरकारच्या मार्च २०२१ च्या अधिसूचनेनुसार राष्ट्रीय उद्याने आणि अभयारण्यांचे प्रवेश शुल्क त्यांना भारतीय नागरिकांइतकेच आहे. फक्त पासपोर्ट आणि ओसीआय कार्ड दोन्ही मूळ प्रती हातात हव्यात. कार्ड पुण्याच्या घरी कपाटात ठेवून आले तर सवलत मागायची कशाच्या आधारावर?

कागदपत्रे

भारतीयांसाठी आधार, मतदार ओळखपत्र, वाहन परवाना किंवा पासपोर्ट यांपैकी एक पुरे. पण नियमातली खरी मेख अशी की बुकिंगच्या वेळी जो ओळखपत्राचा प्रकार आणि जो क्रमांक टाकला, तेच मूळ ओळखपत्र गेटवर दाखवावे लागते. फॉर्ममध्ये आधार क्रमांक टाकायचा आणि गेटवर वाहन परवाना पुढे करायचा, हे चालत नाही. वनरक्षक हातातली यादी आणि कार्ड शेजारी-शेजारी धरून नाव, वय, क्रमांक ताडून पाहतो. मागे जिप्सींची रांग लागलेली असते आणि थांबून तुमची बाजू ऐकायला कोणालाच वेळ नसतो.

म्हणून फॉर्म भरण्याआधी सगळ्यांची कार्डे जेवणाच्या टेबलावर मांडा आणि नाव कार्डावर आहे अक्षरशः तसेच टाका. आईचे आधारवरचे नाव माहेरचे आहे की सासरचे, आजोबांचे मधले नाव पूर्ण आहे की फक्त आद्याक्षर, हे इथेच बघायचे. पाच वर्षांखालच्या बाळाचे निळे आधार कार्ड काढलेले नसेल तर सुट्टीच्या बऱ्याच आधी काढून ठेवा. नावे नंतर बदलता येणार नाहीत, असे धरूनच चाला. आयत्या वेळी मावशीच्या जागी काका, असे करू नका.

बुकिंगच्या पायऱ्या

अधिकृत संकेतस्थळ एकच: मायताडोबा, तेही वन विभागाच्या महाफॉरेस्ट डॉट गव्ह डॉट इन या पत्त्याखालचे. शोधून पाहिले की त्याच्यासारखी दिसणारी खासगी एजंटांची पाने आधी वर येतात, म्हणून पत्त्याच्या शेवटी गव्ह डॉट इन आहे ना, हे पाहिल्याशिवाय एक रुपयाही भरू नका. मोबाईल आणि ईमेलने नोंदणी करायची, कोअर की बफर ते निवडायचे, मग गेट, तारीख, सकाळ किंवा दुपारची फेरी, प्रवाशांची माहिती आणि पैसे. त्यानंतर परवाना डाउनलोड होतो. त्याची छापील प्रत जवळ ठेवा. पावतीत प्रवेश, जिप्सी आणि गाईड यांपैकी काय काय धरले आहे ते नीट वाचा; जे धरलेले नाही ते गेटवर भरायचे असते. मोठ्या लेन्सच्या कॅमेऱ्याचे शुल्क वेगळे. जिप्सी आणि गाईड तिथे पाळीने मिळतात.

बुकिंग काही महिने आधी उघडते आणि दिवाळी, नाताळ, एप्रिल-मे यांच्या तारखा पाहता पाहता संपतात. थोड्या जागा शेवटच्या दिवसांसाठी तत्काळ म्हणून राखलेल्या असतात, त्या महाग. रेल्वेचे आगाऊ आरक्षण १ नोव्हेंबर २०२४ पासून ६० दिवसांवर आले आहे, त्यामुळे परवाना हातात आल्यावर तिकीट काढायला वेळ मिळतो. परवान्यामागे गाडी, हा क्रम आता आपोआपच जमतो.

मंगळवारी कोअर बंद असते. १ जुलै ते ३० सप्टेंबर पावसाळ्यातही बंद. त्या काळात बफरची काही गेटे सुरू असतात.

खर्च कसा मांडायचा

सगळ्यात महत्त्वाचे असे की पैसे माणशी लागत नाहीत, जिप्सीला लागतात. गणितापुरता एका फेरीचा सगळा मिळून आकडा ९,००० रुपये धरू. सहा जणांत माणशी १,५०० पडतात, चौघांत २,२५० आणि तिघांत ३,०००. त्याच जंगलाचे, त्याच चार तासांचे. म्हणून तिघांच्या कुटुंबाने दुसऱ्या तिघांना सोबत घेणे, ही या सहलीतली सगळ्यात मोठी बचत आहे. आजचा खरा आकडा संकेतस्थळावर पाहून या गणितात घाला आणि सातजण होत असाल तर दुसऱ्या जिप्सीचा पूर्ण खर्च डोळ्यांपुढे ठेवा.

शनिवार, रविवार आणि सुट्टीच्या दिवशी दर जास्त असतात. तीन दिवसांची रजा टाकता आली तर मंगळवारी पोहोचून बुधवारी पहाटे कोअर, दुपारी बफर आणि गुरुवारी परत, असा बेत करा. मंगळवार वायाही जात नाही. नागपूरहून चंद्रपूरला येताना वाटेत वरोऱ्याला आनंदवन आहे, चंद्रपुरात किल्ला आणि महाकालीचे मंदिर आहे.

प्रवासात नागपूर ते चंद्रपूर सुमारे १५० किलोमीटर आणि चंद्रपूर ते मोहर्ली सुमारे ३०. मोहर्लीला पर्यटन महामंडळाचे आणि वनविकास महामंडळाचे निवास आहेत, शिवाय गावात होमस्टे. खोली त्याच गेटाजवळ घ्या ज्या गेटाचा परवाना आहे. मोहर्ली आणि कोलारा नकाशावर एकाच जंगलाचे दरवाजे वाटतात, पण बाहेरून जायचे तर मोठा वळसा पडतो. सकाळ मोहर्ली आणि दुपार कोलारा असे बुकिंग केले तर टॅक्सीचे भाडे वाढते आणि मुलांचे जेवणही गाडीतच होते. रेल्वेत पाच वर्षांखालच्या मुलाला तिकीट नाही; पाच ते बारा वर्षांच्या मुलाला स्वतंत्र बर्थ हवा असेल तर पूर्ण भाडे पडते. रात्रीच्या प्रवासात ते द्यावे, पुढच्या पहाटे चारला उठायचे असते.

मे महिन्यात चंद्रपूरचा पारा ४५ च्या वर जातो. पाणवठ्यावर वाघ दिसण्याची शक्यता तेव्हा सगळ्यात जास्त, हे खरे. पण लहान मुले असतील तर दुपारची फेरी टाळा, त्या पैशांत दुसऱ्या दिवशीची सकाळ घ्या. डिसेंबर-जानेवारीत उघड्या जिप्सीतला वारा बोचरा असतो, तेव्हा कानटोपी आणि एखादे जाड पांघरूण जवळ असू द्या.

आत मोबाईल नेता येत नाही, तो गेटवर किंवा खोलीवर ठेवावा लागतो. साहजिकच आत यूपीआयही नाही. गेटवरची किरकोळ शुल्के आणि टिप यांसाठी सुट्टे पैसे वेगळ्या पाकिटात ठेवा, आणि टिपेची रक्कम बजेटमध्ये पहिल्यापासून धरा. गाईड आणि चालक बहुतेक आसपासच्याच गावांतले असतात. वाघ नाही दिसला म्हणून त्यांच्या हातावर कमी ठेवू नका. सांबराचा इशारा ऐकून गाडी कुठे थांबवायची, हे त्यांनी त्या दिवशीही तितक्याच जिवाने पाहिलेले असते.