‘मनी’ आणि ‘पगार’ : रोममधून निघालेले दोन शब्द

रोमच्या कॅपिटोलाइन टेकडीवर इ. स. पू. ३४४ मध्ये जुनो मोनेटा या देवीचं मंदिर उभं राहिलं. ‘मोनेटा’ म्हणजे इशारा देणारी, असं रोमन वक्ता आणि लेखक सिसेरो सांगतो; भूकंपानंतर या मंदिरातून देवीचा आवाज आला, अशी आख्यायिकाही तो देतो. या व्युत्पत्तीबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत. पुढचा प्रवास मात्र स्पष्ट आहे. मंदिराला लागून रोमची टांकसाळ सुरू झाली आणि देवीचं बिरुद आधी टांकसाळीला, मग नाण्यालाच मिळालं. इ. स. पू. ४६ मध्ये टांकसाळीचा अधिकारी टायटस कॅरिसियस याने पाडलेल्या देनारियस या चांदीच्या रोमन नाण्यावर एका बाजूला मोनेटाचा चेहरा आहे आणि दुसऱ्या बाजूला ऐरण, हातोडा, सांडशी. देवी आणि टांकसाळ एकाच नाण्यावर! मला हा पुरावा कुठल्याही आख्यायिकेपेक्षा मोलाचा वाटतो.

इंग्रजीत ‘मोनेटा’ हा शब्द दोनदा शिरला. जर्मानिक टोळ्यांनी रोमनांकडून तो फार पूर्वीच उचलला होता. त्यातून जुन्या इंग्रजीतला ‘मिनेट’ आणि आजचा ‘मिंट’, म्हणजे टांकसाळ, आला. १०६६ मध्ये इंग्लंड जिंकणाऱ्या नॉर्मन राज्यकर्त्यांच्या फ्रेंचमधून तोच शब्द ‘मनी’ होऊन परत आला. पैशाशी निगडित इतर इंग्रजी शब्दही लॅटिनमधलेच. ‘पिक्युनियरी’, म्हणजे पैशासंबंधीचं, याच्या मुळाशी ‘पेकुस’, म्हणजे गुरंढोरं. ‘फिस्कल’, म्हणजे सरकारी तिजोरीसंबंधीचं, याच्या मुळाशी पैसे ठेवायची टोपली.

‘सॅलरी’ हा शब्द लॅटिन ‘साल’, म्हणजे मीठ, यावरून आला हे खरं. पण रोमन सैनिकांना पगारादाखल मीठच मिळे, ही सगळीकडे फिरणारी गोष्ट जपून घ्यावी, कारण तसं सांगणारा प्राचीन पुरावा मिळत नाही.

आपल्या ‘पगारा’चं मूळही लॅटिनमध्येच आहे, हे मात्र फारसं सांगितलं जात नाही. ‘पाक्स’ म्हणजे शांती, त्यावरून ‘पाकारे’ म्हणजे शांत करणं. मध्ययुगात त्याला सावकाराचं समाधान करणं, देणं फेडणं असा अर्थ आला. फ्रेंचमार्गे त्याचा इंग्रजी ‘पे’ झाला, तर पोर्तुगीजमध्ये ‘पागार’. १५१० मध्ये पोर्तुगीजांनी गोवा घेतला. वसई, चौल इथेही त्यांची ठाणी झाली. त्यांच्या भाषेतलं हे क्रियापद मराठीत नाम होऊन स्थिरावलं, आणि म्हणून ‘पे’ आणि ‘पगार’ ही सख्खी भावंडं ठरतात.