ग्लेझिंग आणि स्कंबलिंग: देलाक्रवाची नक्कल करताना कुठे काय

तैलरंगात व्यक्तिचित्र शिकायचं असेल, तर एखाद्या जुन्या चित्राची नक्कल करणं हा सरळ मार्ग. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात १७९३ पासून चित्रकार मूळ कलाकृतीसमोर ईझल लावून बसत आलेत. फक्त नक्कल मूळ चित्राच्याच मापाची चालत नाही. स्वच्छंदतावादी (रोमँटिक) काळातलं चित्र घ्यायचं, तर माझी पसंती फ्रेंच चित्रकार देलाक्रवाच्या ‘दफनभूमीतली अनाथ मुलगी’ला. १८२४ चं हे चित्र जेमतेम ६५ बाय ५४ सेंटिमीटरचं आहे. वर वळलेले पाणावलेले डोळे, किंचित उघडे ओठ, खांद्यावरून घसरलेला सदरा. ‘कीऑसचा संहार’ या त्याच्याच अजस्र चित्राच्या तयारीतलं ते मानलं जातं.

नक्कल सुरू केली की दोन शब्द सतत कानावर येतात, ग्लेझिंग आणि स्कंबलिंग. दोन्ही म्हणजे वाळलेल्या रंगावर दिलेला पातळ थर, त्यामुळे शिकणारे दोन्हींना एकाच माळेत ओवतात. कामं मात्र उलटी आहेत.

ग्लेझमध्ये पारदर्शक, गडद रंग तेलात सैल करून उजळ थरावर पसरतात. उजेड त्यातून आत जातो, खालच्या थरावर आपटून परत येतो, म्हणून रंग खोल आणि उबदार दिसतो. गालावरची लाली किंवा कपड्याच्या चुणीतली सावली अशी येते. मऊ ब्रश घ्यायचा, आणि जास्त झालं तर फडक्याने टिपायचं.

स्कंबलमध्ये गडद थरावर उजळ, अपारदर्शक रंग ओढतात. राठ ब्रश, तेल जवळजवळ नाही. ब्रश आधी फडक्यावर पुसून घ्यायचा. रंग कॅनव्हासच्या विणीच्या उंचवट्यांवरच लागतो, खालचं मधूनमधून दिसत राहतं आणि जागा धुरकट, थंड होते.

नवशिक्यांची गाडी अडते ती कानशिलाजवळ आणि मानेवर, उजेड संपून सावली सुरू होते तिथे. तिथली त्वचा निळसर-करडी दिसते. मग बहुतेक जण पॅलेटवर निळा मिसळतात आणि मुलीच्या गालावर मार लागल्यासारखा डाग उमटतो. खरं तर निळ्याची गरजच नसते. तपकिरी अंडरपेंटिंगवर, म्हणजे चित्राच्या पहिल्या थरावर, त्वचेचा उजळ रंग पातळ होत ओढला, की तो थर आपोआप निळसर दिसतो. लांबचा सह्याद्री निळा दिसतो त्याचं कारणही असंच: गडद पार्श्वभूमीसमोरच्या धुरकट थरात प्रकाशातला निळा भाग जास्त विखुरतो. हीच जागा ग्लेझने करायला गेलात तर ती उबदार आणि गडद होते, आणि गालाची गोलाई जाते.

ट्यूबमधला रंग कशाला चालेल, हे बघायला कागदावर काळी रेघ मारा, ती वाळू द्या आणि तिच्यावरून रंग ओढा. रेघ काळीच राहिली तर तो ग्लेझचा: अलिझरीन क्रिमसन, बर्न्ट सिएना, अल्ट्रामरीन. रेघेवर दुधी पट्टा उमटला तर स्कंबलचा: टायटॅनियम व्हाइट, नेपल्स यलो. बऱ्याच कंपन्या ट्यूबवर चौकोन छापतात. रिकामा म्हणजे पारदर्शक, भरलेला म्हणजे अपारदर्शक.

क्रमही सांभाळा. वरच्या थरात खालच्यापेक्षा तेल कमी नको, नाहीतर पुढे तडे जातात. म्हणून आधी कोरडं स्कंबल, मग तेलकट ग्लेझ हे सोयीचं. उलट करायचंच असेल तर स्कंबलमध्येही थोडं तेल घाला. मधल्या थराला वाळू द्या. तेल हवेतल्या प्राणवायूने घट्ट होतं, पावसाळ्यात त्याला आणखी वेळ लागतो.

एक तिढा राहतोच. त्या काळातल्या चित्रांमधला सगळाच तपकिरी चित्रकाराला हवा होता असं नाही. व्हार्निश पिवळं पडतं. शिवाय तेव्हा बिट्युमेनचं, म्हणजे डांबरापासूनच्या तपकिरी रंगाचं, वेड होतं: लावताना सुंदर पारदर्शक, पण धड वाळत नाही, काळवंडतं आणि भेगाळतं. देलाक्रवाच्याच काळातल्या जेरिको या चित्रकाराच्या ‘मेड्युसाचा तराफा’चं त्यानेच नुकसान झालं. नकलेतला खोल तपकिरी बर्न्ट सिएना आणि अल्ट्रामरीन मिसळून घ्या, आणि छापील प्रतीत दिसतो त्यापेक्षा एक पायरी उजळच ठेवा.