ऑन-कॉल कमांड (पोलीस प्रशासन)

खून, ओलीस प्रकरण, पोलिसांनी केलेला गोळीबार, कोठडीतील मृत्यू किंवा मोठी जीवितहानी करणारा स्फोट अशा गंभीर घटना कार्यालयीन वेळेबाहेर घडल्या, तरी निर्णयाची सूत्रे ताबडतोब हाती घेता यावीत यासाठी वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्यांना आळीपाळीने उपलब्ध राहण्याची जी जबाबदारी सोपवली जाते, तिला ऑन-कॉल कमांड म्हणतात. ऑन-कॉल अधिकारी घरी असला तरी रजेवर नसतो. फोन उचलणे, ठरलेल्या वेळेत घटनास्थळी किंवा नियंत्रण कक्षात पोहोचणे आणि मद्यपानापासून दूर राहणे ही बंधने त्याच्यावर असतात. कोणत्या घटनेची वर्दी त्याला द्यायचीच, हे खात्याच्या स्थायी आदेशात आधीच लिहिलेले असावे लागते. ते कनिष्ठांच्या अंदाजावर सोडले, तर साहेबांची झोप मोडावी की नाही या संकोचात पहिला तास निघून जातो.

घटनास्थळी प्रथम पोहोचलेला पोलीस, मग तो हुद्द्याने कितीही कनिष्ठ असो, सूत्रे रीतसर दुसऱ्याकडे जाईपर्यंत त्या घटनेचा कमांडर असतो. कॅलिफोर्नियात १९७० साली लागलेल्या भीषण वणव्यांनंतर अग्निशमन यंत्रणांनी विकसित केलेल्या आणि पुढे पोलिसांनीही स्वीकारलेल्या ‘इन्सिडेंट कमांड सिस्टीम’चे हे मूळ तत्त्व आहे. वरिष्ठ अधिकारी येऊन उभा राहिला म्हणून सूत्रे आपोआप त्याच्याकडे जात नाहीत. त्याने आधी परिस्थिती समजावून घ्यायची, ‘आता कमांड माझ्याकडे’ असे स्पष्ट सांगायचे आणि ते वायरलेसवर सर्वांना कळवायचे, असा क्रम असतो. याच पद्धतीत एका व्यक्तीच्या थेट हाताखाली तीन ते सात, शक्यतो पाच, माणसे असावीत असे मानले जाते.

ब्रिटनमध्ये १९८५ च्या ब्रॉडवॉटर फार्म दंगलीनंतर लंडनच्या महानगर पोलिसांनी गोल्ड, सिल्व्हर आणि ब्राँझ अशी त्रिस्तरीय रचना आणली. गोल्ड कमांडर धोरण ठरवतो, सिल्व्हर ते अमलात आणण्याची योजना आखतो आणि ब्राँझकडे प्रत्यक्ष काम असते. इथे पद हुद्द्याशी नव्हे, तर भूमिकेशी बांधलेले असते, आणि हेच या रचनेचे खरे बळ आहे.

सर्वाधिक ताण पडतो तो ऑन-कॉल अधिकारी येईपर्यंत नियंत्रण कक्षात काम सांभाळणाऱ्या ड्युटी ऑफिसरवर. २२ मे २०१७ रोजी रात्री १०.३१ वाजता मँचेस्टर अरीना येथे झालेल्या बॉम्बस्फोटात २२ जण मृत्युमुखी पडले. सशस्त्र हल्ला अजून सुरू असू शकतो असे समजून ग्रेटर मँचेस्टर पोलिसांच्या ड्युटी ऑफिसरने ‘ऑपरेशन प्लेटो’ (अशा दहशतवादी हल्ल्याला तोंड देण्याच्या ठरलेल्या कारवाईचे सांकेतिक नाव) जाहीर केले. मात्र ते इतर आपत्कालीन सेवांना कळवायचे राहून गेले. त्याच्याशी संपर्काची फोनलाइन सतत व्यस्त होती. अग्निशमन दलाला घटनास्थळी पोहोचायला दोन तासांहून अधिक वेळ लागला. एकाच माणसावर कामांचा असह्य भार पडतो, हे आधीच्या सरावांतही दिसून आले होते, असे चौकशीत निष्पन्न झाले. म्हणूनच ऑन-कॉल अधिकाऱ्याचे पहिले काम हुकूम सोडण्याचे नसून ड्युटी ऑफिसरच्या डोक्यावरचे ओझे वाटून घेण्याचे असते.

अमेरिकेतील युवाल्डी येथे २४ मे २०२२ रोजी झालेल्या शाळेतील गोळीबाराने दुसरा धोका दाखवून दिला. तिथे विविध यंत्रणांचे ३७६ अधिकारी जमा झाले, तरी हल्लेखोराला संपवायला ७७ मिनिटे लागली. १९ मुले आणि दोन शिक्षिका मारल्या गेल्या. लेखी योजनेनुसार शाळा-पोलिसांच्या प्रमुखाकडे कमांड यायला हवी होती. पण आपण कमांडर आहोत असे त्याने मानले नाही, आणि त्याच्याजवळ वायरलेसही नव्हता. कमांडरची वाट पाहत थांबणे मुळात चूकच होती, कारण १९९९ मध्ये कोलंबाइन शाळेत झालेल्या हत्याकांडानंतर गोळीबार सुरू असताना पहिल्या पोलिसांनीच आत शिरावे, असे प्रशिक्षण अमेरिकेत रूढ झाले होते.

पोलिसांच्याच गोळीने कोणी मेला किंवा जखमी झाला, तर ऑन-कॉल कमांडरची जबाबदारी अधिक नाजूक होते. सर्वांत आधी जखमीवर उपचार सुरू करावे लागतात. गोळी झाडणाऱ्यांना एकमेकांपासून वेगळे ठेवणे, शस्त्रे ताब्यात घेणे, घेऱ्याच्या आत कोण कधी आले-गेले याची नोंद ठेवणे आणि त्या कारवाईशी संबंध नसलेल्या तपास यंत्रणेला बोलावणे, ही कामे त्याने स्वतः पाहायची असतात. ज्याने कारवाईचा आदेश दिला, त्याच्याकडेच तपास राहिला, तर प्रामाणिक तपासावरही कोणी विश्वास ठेवत नाही.

घेतलेला प्रत्येक महत्त्वाचा निर्णय, त्याची वेळ आणि त्याचे कारण निर्णय-नोंदवहीत त्याच वेळी लिहिले जाते. विचारात घेऊन नाकारलेला पर्यायही त्यात लिहावा लागतो, कारण पुढे न्यायालयात किंवा चौकशी आयोगापुढे त्याबद्दलच सर्वाधिक प्रश्न विचारले जातात. घटना लांबली की विश्रांतीसाठी अधिकारी बदलतो. जाणाऱ्याने येणाऱ्याला ही वही समोर ठेवून परिस्थिती समजावून सांगायची आणि सूत्रे सोपवल्याची वेळ दोघांच्या सहीने तिच्यातच नोंदवायची, ही चांगली पद्धत होय.