आउटसाइड द ड्रीम सिंडिकेट

अमेरिकन व्हायोलिनवादक व चित्रपटकार टोनी कॉनरॅड (१९४०–२०१६) आणि ‘फाउस्ट’ हा जर्मन रॉक संच यांची प्रायोगिक ध्वनिमुद्रिका. ध्वनिमुद्रण ऑक्टोबर १९७२, व्यूमे (तत्कालीन पश्चिम जर्मनी). प्रकाशन १९७३, कॅरोलाइन रेकॉर्ड्स, इंग्लंड. मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांच्या एका विनाइल तबकडीवर फक्त दोन रचना आहेत, प्रत्येक बाजूला एक. पहिली सुमारे २७ मिनिटांची, दुसरी सुमारे २६. ज्याला आज ‘ड्रोन रॉक’ म्हणतात, त्याच्या आरंभीच्या तबकड्यांपैकी ही एक, आणि बहुधा सर्वांत हट्टी.

ड्रोन म्हणजे न तुटता धरून ठेवलेला सूर. मराठी कानाला तो नवा नाही. बैठकीत तंबोरा असतो, सनईच्या ताफ्यात एक जण गाल फुगवून नुसता सूर धरून बसलेला असतो, गोंधळात तुणतुणे असते. पण आपल्याकडे धरलेला सूर नेहमी कशाच्या तरी मागे असतो. तंबोरे जुळले, की श्रोता गवयाच्या पहिल्या षड्जाची वाट पाहू लागतो. या तबकडीवर तो गवई शेवटपर्यंत येत नाही. ‘काय एकच तुणतुणे लावलेय’ असे घरातले कोणी म्हणाले, तर त्याचे ऐकणे चुकलेले नाही. ते मुद्दामच लावलेले आहे.

कॉनरॅड हे हार्वर्डमधून १९६२ साली गणित घेऊन पदवीधर झाले. व्हायोलिन ते आधीपासून वाजवत, पण मैफलीतल्या नजाकतदार व्हायोलिनचे त्यांना वावडे होते. सतराव्या शतकातील बीबर या संगीतकाराच्या, तारा वेगळ्या प्रकारे जुळवून वाजवायच्या रचनांनी त्यांना वाट दाखवली: तारेचा मूळ आवाज मोकळा, जाड आणि खरखरीत राहू द्यायचा. पियानोची स्वरपट्टी बारा समान भागांत कापलेली असते आणि त्यात अष्टक सोडले तर कोणतेच अंतर नैसर्गिक राहत नाही. कॉनरॅड यांना पूर्णांकांच्या गुणोत्तरांतले स्वर हवे होते. षड्ज-पंचम ३:२ असे शुद्ध जुळले, की दोन सुरांमधली थरथर विरते आणि त्यांच्या वर तिसरेच काही ऐकू येऊ लागते. तंबोरा जुळवताना खुंटी केसभर फिरवली आणि आवाज एकदम ‘उघडला’, असे आपले वादक म्हणतात ते हेच.

न्यूयॉर्कमध्ये १९६० च्या दशकाच्या पूर्वार्धात कॉनरॅड हे संगीतकार ला माँट यंग यांच्या संचात सामील झाले. यंग, मरियन झझीला, व्हायोला वाजवणारे जॉन केल, तालवादक अँगस मॅक्लाइस आणि कॉनरॅड असा तो संच. तासन्‌तास एकेक स्वरसंगती धरून ठेवायची, एवढाच कार्यक्रम. यंग यांच्या घरच्या कासवाच्या टाकीला लावलेल्या मोटरीची घरघर हा काही काळ या मंडळींचा आधारस्वर होता. अमेरिकेतील वीज ६० हर्ट्झची, म्हणून त्यांचा ‘सा’ही त्याच घराण्यातला. (आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, मिरजेत हा प्रयोग झाला असता तर पट्टी तीन अर्धस्वर खाली गेली असती.)

मिरजेचे नाव इथे केवळ गमतीखातर घेतलेले नाही. यंग यांनी तंबोरा पहिल्यांदा ऐकला तो १९५० च्या दशकात, अली अकबर खाँ यांच्या सरोदवादनाच्या एका अमेरिकन लाँग-प्ले तबकडीवर. सरोदच्या मागे शिरीष गोर यांचा तंबोरा होता आणि यंग यांचे लक्ष सरोदपेक्षा त्या मागच्या आवाजात अडकले. पुढे १९७० साली किराणा घराण्याचे पंडित प्राणनाथ न्यूयॉर्कला गेले आणि यंग व झझीला त्यांचे गंडाबंध शिष्य झाले. त्याच घराण्याचे अब्दुल करीम खाँ मिरजेचे झाले, त्यांची कबर तिथल्या मीरासाहेब दर्ग्यात आहे. आणि ज्या भोपळ्यांच्या तंबोऱ्यांवर किराण्याचा सूर तोलला गेला, ते करणाऱ्या कारागिरांची गल्लीही मिरजेतच. तरीही आउटसाइड द ड्रीम सिंडिकेटवर किराण्याची छाया पाहणे बरोबर होणार नाही. प्राणनाथ अमेरिकेत पोचण्याच्या काही वर्षे आधीच कॉनरॅड त्या संचातून बाहेर पडले होते. यंग यांचा ड्रोन गुरुगृही गेला, कॉनरॅड यांचा जर्मनीतल्या एका खेड्यात, ड्रमसेटच्या शेजारी.

नावातील ‘आउटसाइड’, म्हणजे ‘बाहेर’, या शब्दाला म्हणून धार आहे. यंग या संचाला ‘थिएटर ऑफ इटर्नल म्युझिक’ म्हणत. कॉनरॅड आणि केल ‘ड्रीम सिंडिकेट’ म्हणत. भांडण नावापुरते नव्हते. हे संगीत एका रचनाकाराचे, की समान हक्काने वाजवणाऱ्या सर्वांचे, हा खरा प्रश्न होता. ध्वनिफिती यंग यांच्या ताब्यात राहिल्या आणि आपल्याला रचनाकार मानल्याशिवाय त्या बाहेर काढायला त्यांनी नकार दिला. आपल्याच तारुण्यातले वादन कॉनरॅड यांना दशकानुदशके ऐकायला मिळाले नाही. १९९० साली बफलो येथे यंग यांचा कार्यक्रम झाला तेव्हा पन्नाशीतले, तिथल्याच विद्यापीठात शिकवणारे कॉनरॅड सभागृहाबाहेर निषेधाचा फलक घेऊन उभे होते. आपल्याकडच्या बंदिशींच्या मालकीवरून झालेल्या भांडणांना इतका चिवटपणा क्वचितच लाभला असेल.

मधल्या काळातल्या दोन गोष्टी सांगायला हव्यात. कॉनरॅड आणि केल न्यूयॉर्कच्या लडलो स्ट्रीटवर एकत्र राहत. गायक-गीतकार लू रीड यांच्याशी केल यांची जोडी त्याच सुमारास जमली आणि पुढे या दोघांच्या रॉक संचाला ‘व्हेल्व्हेट अंडरग्राउंड’ हे नाव मिळाले, ते कॉनरॅड यांना सापडलेल्या एका स्वस्त पुस्तकावरून. दुसरी गोष्ट १९६६ चा ‘द फ्लिकर’ हा त्यांचा चित्रपट. सुरुवातीच्या पाट्या सोडल्या, तर त्यात निव्वळ काळ्या आणि निव्वळ पांढऱ्या चौकटींची उघडझाप आहे, जवळजवळ अर्धा तास. आकडीच्या रुग्णांसाठी इशारा आधीच दिलेला असतो. ज्याने तो पाहिला आहे, त्याला या तबकडीचा स्वभाव वेगळा सांगावा लागणार नाही: साधने दोनच घ्यायची आणि प्रेक्षकाचे डोळे-कान स्वतःच काही रचू लागेपर्यंत माघार घ्यायची नाही.

फाउस्टची कहाणी याच्या अगदी उलट टोकाची. पत्रकार असलेल्या उवे नेट्टलबेक यांनी हा संच जमवला आणि पॉलिडोर कंपनीच्या पैशातून हॅम्बुर्ग आणि ब्रेमेन यांच्यामधल्या व्यूमे या गावातील जुन्या शाळेत त्यांच्यासाठी स्टुडिओ उभा केला. संच तिथेच राहत असे. ‘फाउस्ट’ म्हणजे जर्मन भाषेत मूठ. १९७१ ची त्यांची पहिली तबकडी पारदर्शक होती आणि वेष्टनावर मुठीचे क्ष-किरण चित्र होते. फितींची कापाकापी, मध्येच घुसणारे आवाज, अर्ध्यावर सोडलेली गाणी हा त्यांचा खाक्या. एका जागी दोन मिनिटे न थांबणाऱ्या या मंडळींकडे १९७२ साली युरोपात असलेले कॉनरॅड येऊन पोचले, ते एकाच जागी अर्धा तास थांबायची मागणी घेऊन.

सूचना मोजक्या होत्या. बास गिटारवर जाँ-एर्व्हे पेराँ यांनी एकच स्वर धरायचा, व्हायोलिनच्या षड्जाशी जुळलेला. ड्रमवर व्हेर्नर ‘त्साप्पी’ डीरमायर यांनी एकच ठोका चालू ठेवायचा. भरणा नाही, तिहाई नाही, समेवर येण्याचा आनंद नाही, कारण निघण्याचीच परवानगी नाही. हे लिहायला सोपे आहे. कोणत्याही तबलजीला विचारा, नुसता ठेका सत्तावीस मिनिटे एकाही तुकड्याविना धरणे हाताला किती जड जाते. विलंबित ख्यालात ती शिक्षा रोज भोगणारे आपल्याकडे आहेत, पण त्यांच्यासमोर निदान गवई तरी असतो.

पिन टेकली, की पहिल्या बाजूवर काही क्षणांतच सगळी मांडणी समोर येते. खाली धप्प असा कोरडा ठोका, त्याला चिकटलेला बासचा स्वर, आणि वर व्हायोलिन. ते गोड नाही. गज तारेवर दाबून ओढलेला आहे, दोन तारा एकदम बोलत आहेत आणि गजाची दिशा बदलते तिथे सुराला बारीकशी गाठ पडते. पहिली काही मिनिटे श्रोता बदलाची वाट पाहतो. मग ती वाट पाहणे सुटते आणि कान बारीक कामाला लागतो: ठोका मघापेक्षा पुढे सरकला का, बासचा स्वर मऊ झाला का, व्हायोलिनच्या वर शिटीसारखे जे घुमते आहे ते वाजवले जात आहे की नुसते तयार होत आहे? तंबोऱ्याच्या जवारीत ‘सा’ आणि ‘प’च्या तारा छेडल्या असताना अचानक गंधार ऐकू येतो, त्यातलाच हा प्रकार. फरक एवढाच, की तंबोरा तो गंधार मायेने देतो आणि इथे तो हिसकावून घ्यावा लागतो.

दुसरी बाजू थोडी सैल आहे. लय हलती आहे, बास जरा फिरतो, रुडोल्फ झोस्ना यांच्या वाद्यांची भर पडते आणि रॉक संच वाजवतो आहे हे आठवते. अनेकांना ती अधिक आवडते. या लेखकाला पहिलीच.

रचनांची नावे ‘फ्रॉम द साइड ऑफ मॅन अँड वुमनकाइंड’ आणि ‘फ्रॉम द साइड ऑफ द मशीन’ अशी आहेत. माणसांच्या बाजूने आणि यंत्राच्या बाजूने. ‘साइड’ म्हणजे पक्ष आणि ‘साइड’ म्हणजे तबकडीची बाजूही. हा श्लेष मराठीत जसाच्या तसा उतरतो, हे आपले भाग्य.

बाजूची लांबी हा या तबकडीचा खरा डाव आहे. लाँग-प्ले तबकडीच्या एका बाजूवर वीस-बावीस मिनिटे आरामात बसतात. त्यापुढे गेले, की खाचा जवळजवळ कापाव्या लागतात. आणि खर्जाचे आवाज खाचेला आडवे हलवत असल्याने त्यांनाच सर्वांत जास्त जागा लागते. म्हणून लांब बाजू कापताना आवाजाची पातळी आणि खर्ज दोन्ही आवरते घ्यावे लागतात. नेहमीच्या संगीतात हळुवार जागा येतात, तिथे खाचा दाटीने कापून जागा वाचवता येते. या रचनेत हळुवार जागाच नाही. ठोका आणि खर्ज पहिल्या फेरीपासून शेवटच्या फेरीपर्यंत सारखेच. सत्तावीस मिनिटांत तबकडी नऊशेहून अधिक वेळा फिरते. काठाशी पिनेखालून सेकंदाला सुमारे ५० सेंटिमीटर खाच सरकते, मध्याशी पोचेपर्यंत तो वेग निम्म्याहूनही कमी होतो आणि वरच्या पट्टीतले आवाज धूसर होऊ लागतात. म्हणजे वादकांनी काहीही न बदलता तबकडी स्वतःच सूर हळूहळू बदलत नेते. सीडीवर ही गंमत नाही.

आणि शेवट. असे संगीत तत्त्वतः संपत नाही. यंग यांच्या मंडळींना तर ते चिरंतन हवे होते. इथे तबकडीची बाजू संपते आणि ते संपवते. श्रोत्याला उठून तबकडी उलटावी लागते आणि त्या अर्ध्या मिनिटात घरातला फ्रीज, पंखा, बाहेरची रिक्षा हे सगळे सुरात असल्यासारखे वाटू लागते.

कॅरोलाइन ही व्हर्जिन या ध्वनिमुद्रिका कंपनीची स्वस्त दरात अवघड संगीत विकणारी शाखा. ही तबकडी तिच्या अगदी पहिल्या काही प्रकाशनांपैकी. त्याच वर्षी व्हर्जिनने ‘द फाउस्ट टेप्स’ ही तबकडी एका सिंगलच्या (एका गाण्याच्या छोट्या तबकडीच्या) किमतीत, ४९ पेन्सला विकून फाउस्टचे नाव घरोघरी नेले होते. कॉनरॅडबरोबरच्या तबकडीला त्याचा काही उपयोग झाला नाही. ती फारशी कोणी घेतली नाही आणि वीस वर्षे जुन्या बाजारातच फिरत राहिली. कॉनरॅड पुढे अध्यापनात आणि व्हिडिओच्या कामात रमले.

१९९३ साली ‘टेबल ऑफ द एलिमेंट्स’ या अमेरिकन प्रकाशनसंस्थेने ती सीडीवर आणली आणि कॉनरॅड यांचे दुसरे संगीतजीवन सुरू झाले. १९९५ मध्ये लंडनला त्यांनी फाउस्टबरोबर ही रचना पुन्हा वाजवली. त्या मैफलीचे ध्वनिमुद्रण पुढे ‘आउटसाइड द ड्रीम सिंडिकेट अलाइव्ह’ या नावाने निघाले. योगायोग असा, की पुनर्प्रकाशनाच्याच वर्षी सिअॅटलच्या ‘अर्थ’ (Earth, पृथ्वी) या संचाने ‘अर्थ २’ काढली. तीन रचना, सत्तर मिनिटांहून अधिक आणि ड्रम जवळपास नाहीतच. ड्रोन मेटल, म्हणजे हेवी मेटलची संथ, सूर धरून ठेवणारी शाखा, तिथून सुरू झाले असे मानतात आणि १९९८ मध्ये निघालेला ‘सन’ (Sunn O)))) हा संच ‘अर्थ’ला मानवंदना म्हणूनच सुरू झाला. कॉनरॅडची तबकडी या साऱ्यांची थेट आई नव्हे, पण थोरली मावशी नक्कीच. मोठा फरक ठोक्याचा आहे. नंतरच्यांनी आवाजाची भिंत ठेवली आणि ठोका सोडून दिला.

२००० साली यंग-कॉनरॅड यांच्या जुन्या संचाची १९६५ मधली एक ध्वनिफीत ‘डे ऑफ नायगारा’ या नावाने प्रसिद्ध झाली, यंग यांच्या संमतीशिवाय. तिच्यावरूनही वाद झाला. २००२ मध्ये आउटसाइड द ड्रीम सिंडिकेटची तीस वर्षांनिमित्तची आवृत्ती निघाली, तिच्यात व्यूमेतल्याच बैठकीतील शिल्लक ध्वनिमुद्रणे जोडली आहेत. त्यांतल्या एका छोट्या रचनेला कॉनरॅड यांनी दिलेल्या नावाचा अर्थ ‘अँगसची चिता काठमांडूत होती’ असा होतो. मॅक्लाइस यांचा मृत्यू १९७९ साली काठमांडूत झाला होता.