पिसाति की नापिसाति: सर्बियन मुलांच्या क्रियाव्याप्तीच्या अभ्यासाची पार्श्वभूमी

सर्बियन शब्दकोशात ‘लिहिणे’ शोधायला गेलं की दोन क्रियापदं हाती लागतात: पिसाति आणि नापिसाति. पहिल्यात लिहिणं चालू असतं, दुसऱ्यात ते पुरं होतं. मराठीत आपण हा फरक ‘लिहीत होता’ आणि ‘लिहून टाकलं’ असा जोडीच्या क्रियापदाने दाखवतो. सर्बियनमध्ये तो क्रियापदाच्या अंगातच असतो, त्यामुळे बोलताना दोहोंपैकी एक निवडावंच लागतं. तिथल्या व्याकरणात याला ‘वीद’ म्हणतात, आपल्याकडे क्रियाव्याप्ती. वूक काराजिच यांच्या शब्दकोशाच्या १८५२ च्या आवृत्तीत क्रियापदांपुढे पूर्ण की अपूर्ण याची खूण दिलेली आहे.

मुलाची अडचण अशी की या जोड्या एका साच्यातून निघत नाहीत. पिसातिला ‘ना’ हा उपसर्ग लागतो, चिताति (वाचणे) ला ‘प्रो’. दाति–दावाति (देणे) या जोडीत मात्र पूर्ण रूप आखूड आणि अपूर्ण लांब. शिवाय बरेच उपसर्ग अर्थही बदलतात: ज़ापिसाति म्हणजे टिपून घेणे, आणि ते टिपणं चालू असल्याचं सांगायला पुन्हा प्रत्यय लावून ज़ापिसिवाति करायचं. रुचाति (दुपारचं जेवणे) दोन्हीकडे चालतं. आणखी एक मेख आहे. ‘काय करतोयस?’ याला उत्तर ‘पिशेम’. इथे ‘नापिशेम’ म्हणता येत नाही. पण ‘मला लिहून काढायचंय’ म्हणताना ‘होचु दा नापिशेम’ हे अगदी बरोबर. रशियनमध्ये पूर्ण क्रियापदाच्या अशा रूपातून सरळ भविष्यकाळ निघतो. सर्बियनमध्ये भविष्यकाळाची सोय वेगळी आहे. म्हणून रशियन मुलांवरचे निष्कर्ष इथे जसेच्या तसे उचलता येत नाहीत.

सुरुवातीचा मोठा अभ्यास रोजनिशीच्या पद्धतीचा. मिलिवोय पाव्लोविच यांनी सर्बियन आणि फ्रेंच अशा दोन्ही भाषा शिकणाऱ्या एका सर्ब मुलाच्या बोलण्यावर १९२० मध्ये पॅरिसमध्ये ग्रंथ प्रसिद्ध केला. रोजनिशीत नवा शब्द टिपला जातो, त्याच शब्दाची शंभरावी वेळ टिपली जात नाही. त्यामुळे एखादं रूप प्रथम कधी आलं हे कळतं. कोणतं क्रियापद कोणत्या काळात किती वेळा आलं, हे कळत नाही. क्रियाव्याप्तीचा खरा प्रश्न तर तिथेच आहे.

तो प्रश्न धारदार झाला १९७० च्या दशकात, आणि तोही सर्बियाबाहेर. ब्रोंकार आणि सिंक्लेअर यांनी १९७३ मध्ये फ्रेंच बोलणाऱ्या मुलांसमोर खेळण्यांच्या कृती केल्या आणि मुलं कोणता काळ वापरतात ते पाहिलं. अंतिनुची आणि मिलर यांनी १९७६ मध्ये इटालियन मुलांचं बोलणं तपासलं. दोन्हीकडून दावा साधारण एकच निघाला: लहान मूल भूतकाळाचं रूप ‘पूर्वी घडलं’ म्हणून वापरत नाही, ‘काहीतरी बदललं, परिणाम दिसला’ म्हणून वापरतं. सर्बियन ‘पाला’ (पडली) हा शब्द या दाव्यात चपखल बसतो.

पण फ्रेंच-इटालियनमध्ये काळ आणि क्रियाव्याप्ती एकाच रूपात गुंतलेल्या असतात. त्या सोडवून पाहायच्या तर स्लाव्ह भाषाच (सर्बियन, रशियन, पोलिश यांचं कुळ) हव्यात. वाइस्ट आणि सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये पोलिश मुलांच्या आधारे दाखवलं की मुलं काळ आणि क्रियाव्याप्ती दोन्ही लवकरच वेगळ्या हाताळतात. मला हा आक्षेप निर्णायक वाटतो, तरी तो सगळं खोडत नाही: पूर्ण क्रियापदं भूतकाळात आणि अपूर्ण वर्तमानात, हा कल अनेक भाषांतल्या मुलांच्या बोलण्यात दिसतच राहतो. अर्थात मोठी माणसंही त्यांच्याशी तसंच बोलतात.

सर्बियनसाठी मोजता येईल अशी सामग्री बेलग्रेडच्या संशोधकांनी उभी केली: आठ मुलं, वय १८ ते ४८ महिने, दर दोन महिन्यांनी ध्वनिमुद्रण. आता मोजणी शक्य झाली, पण दोन महिन्यांच्या फटीत आलेलं आणि गेलेलं रूप यातही निसटतं. स्लाव्ह मुलांच्या बोलण्यात क्रियाव्याप्तीच्या उघड चुका कमीच सापडतात. सर्बियन मूल ‘प्लाचेम’ (रडतो) ऐवजी ‘प्लाकाम’ म्हणेल, पण ती चूक रूप चालवण्याची आहे. चुका नाहीत म्हणजे अर्थ कळला, असं मात्र होत नाही. मूल प्रत्येक क्रियापद ऐकलेल्या प्रसंगासकट उचलत असू शकतं.

म्हणून मग आकलनाच्या चाचण्या आल्या. कझानिना आणि फिलिप्स यांनी २००७ मध्ये तीन ते सहा वर्षांच्या रशियन मुलांना एक खेळणं वाटेत एके ठिकाणी अर्धवट आणि दुसऱ्या ठिकाणी पुरं जोडलेलं दाखवलं. अपूर्ण क्रियापदाने ‘कुठे जोडत होता?’ असं विचारल्यावर अनेक मुलांनी अर्धवटाची जागा नाकारली. मोठ्यांना ती चालते. प्रश्नात ‘अमुक फुलांना पाणी घालत असताना’ असा संदर्भ घातल्यावर तीच मुलं बरोबर उत्तर देऊ लागली.

सर्बियनमध्ये अशी चाचणी रचताना घोळ होतो तो क्रियापदांच्या निवडीत. शेवट डोळ्यांना दिसेल अशीच कृती घ्यावी: वर्तुळ काढणं चालेल, ढकलणं नाही. रुचातिसारखी दुहेरी क्रियापदं वगळावीत. उपसर्ग अर्थ बदलत असेल तर ती जोडी बाद. आणि चित्रं तीन लागतात: चालू असलेली कृती, अर्धवट सोडलेली आणि पुरी झालेली. दोनच ठेवली तर ‘पिसाओ’ (लिहीत होता) ऐकून पुऱ्या झालेल्या चित्राकडे बोट दाखवणारं मूल चुकलं असं नोंदलं जातं. वास्तविक ज्याने पत्र पूर्ण लिहिलं, तोही ते लिहीत होताच.